ब्राउन खटला: निकाल लागला, दरखास्त राहिली

प्रश्न थोडक्यात असा: "मी एलएल.बी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. मूट कोर्टचा (विद्यार्थ्यांच्या सराव-खटल्याचा) विषय: एका खासगी शाळेने आरटीईच्या, म्हणजे शिक्षणहक्क कायद्याच्या, २५ टक्के जागांवर मुलं घेतली, पण त्यांची वेगळी तुकडी करून ती दुपारच्या पाळीत बसवली. मी याचिकाकर्त्यांच्या बाजूने आहे. गोऱ्या आणि कृष्णवर्णीय मुलांच्या वेगळ्या शाळा घटनाबाह्य ठरवणारा अमेरिकेचा १९५४ चा 'ब्राउन विरुद्ध बोर्ड ऑफ एज्युकेशन' हा निकाल वापरायचा विचार आहे. पण वाचताना कळलं की निकालानंतर दहा वर्षं उलटली तरी दक्षिणेकडच्या राज्यांत कृष्णवर्णीय मुलं गोऱ्यांच्या शाळांत जवळपास नव्हतीच. समोरचा म्हणाला, 'तुमचा हा थोर निकाल कुणी पाळलाच नाही,' तर काय सांगू?"

समोरचा तसं म्हणाला तर तो खोटं बोलत नसेल. १९६३-६४ च्या शालेय वर्षात दक्षिणेच्या अकरा राज्यांत कृष्णवर्णीय मुलांपैकी जेमतेम १.२ टक्के मुलं गोऱ्या मुलांसोबत एका शाळेत होती. हा आकडा लपवू नका, तुम्हीच आधी सांगून टाका. मग पुढचा प्रश्न विचारा: हे असं का झालं? हक्क चुकीचा ठरला म्हणून, की हुकूम ढिला होता म्हणून? माझ्या मते खरा घोळ हुकुमात आहे, आणि तुमच्या मूटला नेमकी हीच गोष्ट कामाला येणार आहे.

मी दिवाणी बाजूला वकिली करतो आणि संध्याकाळच्या वर्गांना राज्यघटना शिकवतो. दिवाणीवाल्यांची एक सवय असते. निकालाची नक्कल हाती आली की आधी शेवटचं पान उघडायचं. मुद्दे, निष्कर्ष, कारणमीमांसा सगळं नंतर. 'हुकूम' या शब्दाखाली काय लिहिलंय ते आधी. ज्याने दरखास्ती, म्हणजे मिळालेला हुकूम अमलात आणून घेण्याची प्रकरणं, चालवल्यात त्याला याचं कारण सांगावं लागत नाही. माझ्या एका अशिलाला शेतात जायच्या वहिवाटीच्या रस्त्याचा हुकूमनामा मिळाला. पेढे वाटून झाले. हुकुमात होतं, 'प्रतिवादीने वादीचा रस्ता खुला करावा.' किती फूट रुंद, कुठून कुठपर्यंत, किती दिवसांत, काही नाही. बेलिफ जागेवर गेला तेव्हा प्रतिवादीने काटेरी कुंपणातली एक फट दाखवली आणि म्हणाला, हा काय रस्ता. माणूस अंग चोरून आत जाईल एवढी ती फट होती. बैलगाडी, ट्रॅक्टर यांचं नाव नाही. भारतातल्या पक्षकाराचे हाल हुकूमनामा मिळाल्यावर सुरू होतात, हे प्रिव्ही कौन्सिलने (ब्रिटिश काळातल्या शेवटच्या अपिलाच्या न्यायालयाने) १८७२ सालीच म्हणून ठेवलंय. ब्राउनचा इतिहास मी असाच वाचतो, दरखास्तीच्या बाजूने.

आता मुळापासून, पण भरभर. अमेरिकेच्या राज्यघटनेत १८६८ साली चौदावी दुरुस्ती झाली. कोणतंही राज्य कुणालाही कायद्याचं समान संरक्षण नाकारणार नाही, असं तिच्यात आहे. १८९६ मध्ये प्लेसी विरुद्ध फर्ग्युसन या रेल्वेच्या डब्यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सात विरुद्ध एक मतांनी ठरवलं की डबे वेगळे असले तरी सोयी सारख्या असतील तर समानता मोडत नाही. विरोधी मत एकट्या न्या. हार्लन यांचं. खटला रेल्वेचा होता, पण 'वेगळे पण समान' हे सूत्र शाळांपासून स्मशानांपर्यंत सगळीकडे लागू झालं. यातला 'वेगळे' हा भाग अगदी काटेकोरपणे पाळला गेला. 'समान'कडे कुणी पाहिलं नाही.

यापुढचा टप्पा विद्यार्थी सहसा गाळतात आणि थेट १९५४ वर उडी मारतात. तसं करू नका, कारण तुमचं हत्यार याच टप्प्यात आहे. चार्ल्स हॅमिल्टन ह्यूस्टन हे हॉवर्ड विद्यापीठात कायदा शिकवत. त्यांचे विद्यार्थी थर्गुड मार्शल. या दोघांनी आणि एनएएसीपी या कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या संघटनेच्या वकिलांनी सुरुवातीला 'वेगळे पण समान' चुकीचं आहे असं म्हटलंच नाही. ते म्हणाले, ठीक आहे, वेगळं ठेवा; आता समान करून दाखवा. आणि सुरुवात केली ती पदव्युत्तर शिक्षण आणि विधी महाविद्यालयांपासून. यामागचा हिशोब मला फार आवडतो. प्राथमिक शाळा कशी असावी यावर न्यायाधीशाला वाटेल ते सांगता येतं. लॉ कॉलेजात काय शिकायला मिळतं हे मात्र त्याला कुणी समजावून सांगायची गरज नसते; तो तिथूनच आलेला असतो.

१९३८ मध्ये गेन्स खटल्यात मिझुरी राज्य म्हणालं, आमच्याकडे कृष्णवर्णीयांसाठी लॉ कॉलेज नाही, पण शेजारच्या राज्यात जाऊन शिका, फी आम्ही भरू. सर्वोच्च न्यायालयाने ते मानलं नाही. मग टेक्सासमध्ये हेमन स्वेट या टपाल खात्यातल्या माणसाने प्रवेश मागितला, तर राज्याने घाईघाईने एक वेगळं लॉ कॉलेजच उभं केलं. १९५० च्या निकालात दोन्ही कॉलेजांची तुलना आहे. टेक्सास विद्यापीठाकडे १६ पूर्णवेळ प्राध्यापक, ८५० विद्यार्थी, ६५ हजार ग्रंथ. नव्या कॉलेजात ५ प्राध्यापक, २३ विद्यार्थी, साडेसोळा हजार ग्रंथ. पण कोर्ट एवढ्यावर थांबलं नाही. कॉलेजचं नाव, माजी विद्यार्थ्यांचं वजन, प्राध्यापकांची कीर्ती या मोजता न येणाऱ्या गोष्टींचा विचार केला. आणि ज्या वकील, साक्षीदार, न्यायाधीशांशी पुढे आयुष्यभर गाठ पडायची त्या ८५ टक्के लोकांना वगळून वकिली शिकता येते का, असंही विचारलं.

त्याच दिवशी, ५ जून १९५० रोजी, मॅक्लॉरिन खटल्याचा निकाल लागला. वहीत अधोरेखित करून ठेवा. जॉर्ज मॅक्लॉरिन हे साठी ओलांडलेले शिक्षक, ओक्लाहोमा विद्यापीठात शिक्षणशास्त्रात डॉक्टरेट करायला आलेले. विद्यापीठाने प्रवेश दिला. नाही म्हणायची सोय उरली नव्हती. पण वर्गाला लागून असलेल्या कोनाड्यात त्यांचं बाक टाकलं. ग्रंथालयात पोटमाळ्यावर वेगळं टेबल, आणि उपाहारगृहात वेगळ्या वेळी वेगळ्या टेबलावर जेवण. इमारत तीच, प्राध्यापक तेच, पुस्तकंही तीच. तरी कोर्ट म्हणालं, यात समानता नाही, कारण इतर विद्यार्थ्यांशी चर्चा करणं, मतांची देवाणघेवाण करणं, आणि एकूणच आपला विषय शिकणं यात अडथळा येतो. तुमची दुपारची तुकडी आठवली ना? तुमच्या विषयाला ब्राउनपेक्षा हा निकाल जास्त लागू पडतो. ब्राउनमध्ये शाळा वेगळ्या होत्या. मॅक्लॉरिनमध्ये दाराच्या आत घेऊन वेगळं बसवलं होतं.

एवढी तयारी झाल्यावर मार्शल यांनी थेट शाळांना हात घातला. 'ब्राउन' या नावाखाली एकत्र ऐकलेले खटले वेगवेगळ्या ठिकाणचे होते: कॅन्सस, दक्षिण कॅरोलायना, व्हर्जिनिया, डेलावेअर. राजधानी वॉशिंग्टनचा पाचवा खटला त्याच दिवशी पण स्वतंत्रपणे निकाली निघाला, कारण चौदावी दुरुस्ती राज्यांना लागू होते आणि राजधानी केंद्राच्या ताब्यात आहे. तिथे पाचव्या दुरुस्तीचा आधार घ्यावा लागला.

कॅन्ससच्या टोपिका शहरात ऑलिव्हर ब्राउन रेल्वेत वेल्डर होते आणि चर्चमध्ये सहायक पाद्रीही. त्यांच्या मुलीला, लिंडाला, सात गल्ल्यांवरची समनर शाळा सोडून रेल्वे यार्डातून चालत बसथांब्यावर जावं लागे आणि तिथून मन्रो शाळेत. ही मन्रो शाळा वाईट नव्हती. इमारत चांगली, शिक्षक चांगले. खालच्या कोर्टाने तर दोन्हीकडच्या सोयी जवळपास सारख्या असल्याचाच निष्कर्ष काढला. वकिलाच्या नजरेने ही पर्वणी होती. सोयी असमान असत्या तर कोर्टाने 'सोयी वाढवा' म्हणून प्रकरण मिटवलं असतं. इथे ती पळवाटच नव्हती. सोयी समान असूनही वेगळं ठेवणं असमान आहे का, हाच एक प्रश्न उरला. शिवाय त्याच खालच्या कोर्टाने, वादींच्या विरुद्ध निकाल देतानासुद्धा, अशा वेगळेपणाचा कृष्णवर्णीय मुलांवर वाईट परिणाम होतो असं नोंदवून ठेवलं होतं. सरन्यायाधीश वॉरन यांनी पुढे ब्राउनच्या निकालात तेच वाक्य उचललं. हरलेल्या निकालातला अनुकूल निष्कर्ष जपून ठेवावा तो यासाठी.

दक्षिण कॅरोलायनातल्या क्लॅरेंडन परगण्यात परिस्थिती उलटी. तिथली मागणी सुरुवातीला फक्त एका स्कूलबसची होती. गोऱ्या मुलांसाठी बस होत्या, कृष्णवर्णीय मुलांसाठी एकही नाही. लेव्ही पिअर्सन या शेतकऱ्याने दावा केला, तो त्यांची जमीन शाळेच्या कोणत्या हद्दीत येते या तांत्रिक मुद्द्यावर उडाला. मग पाद्री जोसेफ डिलेन यांनी पालक गोळा केले. पहिलं नाव हॅरी ब्रिग्ज यांचं. त्यांची पेट्रोल पंपावरची नोकरी गेली, पत्नी मोटेलमध्ये कामाला होती, तिचीही गेली. डिलेन यांचं घर जळालं, चर्च जळालं, शेवटी त्यांना राज्य सोडावं लागलं. दाव्यात वादी म्हणून नाव घालण्याची किंमत काय असते हे निकालाच्या छापील पानांवर दिसत नाही. पुढे हुकूम का अडला हे कळायला मात्र तेच माहीत असावं लागतं.

व्हर्जिनियाच्या प्रिन्स एडवर्ड परगण्यात सुरुवात विद्यार्थ्यांनी केली. २३ एप्रिल १९५१ ला बार्बरा जॉन्स या सोळा वर्षांच्या मुलीने मोटन हायस्कूलमध्ये संप घडवला, कारण वर्ग डांबरी कागदाने मढवलेल्या शेडमध्ये भरत. या परगण्याचं नाव लक्षात ठेवा, पुन्हा येणार आहे.

युक्तिवाद डिसेंबर १९५२ मध्ये झाला. निकाल लागेना, न्यायाधीशांत मतभेद होते. फेरसुनावणी ठरली आणि ती होण्याआधी, सप्टेंबर १९५३ मध्ये, सरन्यायाधीश व्हिन्सन वारले. त्यांच्या जागी अर्ल वॉरन आले. कॅलिफोर्नियाचे गव्हर्नर, मुरलेले राजकारणी. एकमत घडवणं हे वॉरन यांचं खरं काम. १७ मे १९५४ ला नऊच्या नऊ न्यायाधीशांचा एक निकाल वाचला गेला: शिक्षणाच्या क्षेत्रात 'वेगळे पण समान'ला जागा नाही, वेगळ्या शिक्षणसंस्था मुळातच असमान असतात. निकाल लहान आहे, एका बैठकीत वाचून होतो, आणि मुद्दाम साध्या भाषेत लिहिलाय. केनेथ आणि मेमी क्लार्क या मानसशास्त्रज्ञ दांपत्याच्या, कृष्णवर्णीय मुलं गोरी बाहुली पसंत करतात हे दाखवणाऱ्या, बाहुल्यांच्या प्रयोगावर विद्यार्थी पानंच्या पानं लिहितात. केनेथ क्लार्क यांच्या कामाचा उल्लेख निकालात अकराव्या तळटीपेत आहे. माझं मत विचाराल तर निकालाचा भार त्यावर नाही. मूटमध्ये त्या प्रयोगावर जोर दिलात तर समोरचा त्याची पद्धतच उलटतपासणीला घेईल आणि तुम्ही विनाकारण बचावात जाल.

आता शेवटचं पान. १९५४ च्या निकालात हुकूम काय आहे? जवळपास काहीच नाही. लिंडा ब्राउनला अमुक तारखेपासून समनर शाळेत घ्या, असं कुठेही नाही. उपाय काय करायचा यावर पक्षकारांनी पुन्हा युक्तिवाद करावा, एवढंच. तो झाल्यावर ३१ मे १९५५ ला दुसरा निकाल आला, ज्याला ब्राउन-दोन म्हणतात. त्यात प्रकरणं खालच्या कोर्टांकडे परत पाठवली. शाळा मंडळांनी 'तातडीची आणि रास्त सुरुवात' करावी; इमारती, बस, शिक्षक, हद्दी यांच्या अडचणींमुळे जास्त वेळ हवा असेल तर त्याची गरज सिद्ध करण्याची जबाबदारी मंडळांची; आणि एकूण काम 'सर्व विचारपूर्वक त्वरेने' व्हावं. तारीख नाही, टप्पे नाहीत. मार्शल यांनी मागितलेली निश्चित मुदत मिळाली नाही.

कोर्टाने असं का केलं असेल? एकमत टिकवण्याची ती किंमत होती, असं मला वाटतं. कोर्टाकडे फौज नाही, तिजोरी नाही. कडक हुकूम दिला आणि उघडपणे धुडकावला गेला तर कोर्टाचीच अब्रू जाते, ही भीतीही असणार. कारणं समजतात. तरीही हुकूम म्हणून तो वाईट होता असंच मी म्हणेन. माझ्या अशिलाच्या रस्त्याच्या हुकुमासारखाच, फट दाखवून सुटता येईल असा.

आणि फटी दाखवल्या गेल्या. ब्रिग्ज प्रकरण परत गेल्यावर १९५५ मध्येच न्या. पार्कर यांच्या न्यायासनाने म्हटलं की राज्यघटना मुलं एकत्र आणा असं सांगत नाही, ती फक्त भेदभावाला मनाई करते. या एका वाक्यावर दक्षिणेने पुढची तेरा वर्षं काढली. मग आले 'विद्यार्थी नेमणूक' कायदे: प्रत्येक मुलाने स्वतंत्र अर्ज करायचा, शाळा मंडळ 'योग्यता', 'मानसिक तयारी' असे निकष लावून तो फेटाळणार, मग अपील, मग कोर्ट. तोवर मूल शाळेतून बाहेर पडलेलं. आणि अर्ज करणारा बाप दुसऱ्या दिवशी कामावरून कमी केलेला. अलाबामाने तर एनएएसीपीकडे सभासदांची यादीच मागितली. ती द्यायची नाही हे ठरवायला १९५८ चा वेगळा सर्वोच्च निकाल लागला. म्हणजे दरखास्त लावणाऱ्याच्याच मागे चौकशी.

अर्कान्सास राज्यातल्या लिटल रॉकची गोष्ट तुम्हाला माहीत असेल: सप्टेंबर १९५७, गोऱ्यांच्या शाळेत निघालेले नऊ कृष्णवर्णीय विद्यार्थी, गव्हर्नर फॉबस यांनी वाटेत उभे केलेले नॅशनल गार्ड (राज्याचं राखीव सैन्य), आणि शेवटी राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांनी पाठवलेले १०१ व्या एअरबोर्न डिव्हिजनचे सैनिक. पुढच्या वर्षी शाळा मंडळाने वातावरण तापल्याचं कारण देऊन अडीच वर्षांची मुदत मागितली. कूपर विरुद्ध आरन या निकालात नऊही न्यायाधीशांनी आपापल्या नावाने सही करून ती नाकारली. मूटमध्ये 'पालकांचा विरोध आहे, वातावरण बिघडेल' असा बचाव आला तर हा निकाल काढा. दंगा करणाऱ्यांच्या भीतीने हक्क पुढे ढकलता येत नाही, हे तिथे स्पष्ट आहे.

पण सगळ्यात भयंकर फट प्रिन्स एडवर्डची. बार्बरा जॉन्सच्या सोबत्यांनी खटला जिंकला होता. परगण्याने काय केलं? १९५९ मध्ये सगळ्या सार्वजनिक शाळाच बंद केल्या. भेदभाव नको ना, मग कुणालाच शाळा नाही. गोऱ्या मुलांसाठी खासगी अकादमी निघाली, तिला सरकारी अनुदानाचा हातभार. कृष्णवर्णीय मुलांसाठी १९६३ पर्यंत काहीच नाही. ज्यांना शक्य होतं त्यांनी मुलं नातेवाइकांकडे दुसरीकडे पाठवली, बाकीची घरी. १९६४ च्या ग्रिफिन निकालात कोर्टाला म्हणावं लागलं की विचार फार झाला आणि त्वरा पुरेशी झाली नाही. त्या निकालातली कामाची गोष्ट वेगळी आहे: शाळा चालू करण्यासाठी गरज पडल्यास कर बसवायला लावण्याचा अधिकार खालच्या कोर्टाला आहे, असं सांगितलं. पहिल्यांदाच हुकुमाला दात आले.

खरा बदल इथून पुढे. १९६४ च्या नागरी हक्क कायद्याने दोन गोष्टी केल्या. केंद्र सरकारच्या ॲटर्नी जनरलला स्वतः दावा करता येऊ लागला, म्हणजे ब्रिग्जसारख्या कुटुंबाने नोकरी पणाला लावायची गरज कमी झाली. आणि भेदभाव करणाऱ्या संस्थेचं केंद्रीय अनुदान थांबवता येऊ लागलं. १९६५ च्या शिक्षण कायद्याने ते अनुदान एवढं वाढवलं की थांबलं तर शाळा मंडळाला जाणवेल.

मग १९६८ चा ग्रीन निकाल. जागा व्हर्जिनियाचा न्यू केंट परगणा. ग्रामीण भाग, दोनच शाळा, दोन्ही वंशांची वस्ती सगळीकडे मिसळलेली. तरी २१ स्कूलबस एकमेकींच्या मार्गांवरून अख्ख्या परगण्यात फिरायच्या, ११ एका शाळेसाठी आणि १० दुसरीसाठी, कारण एकाच रस्त्यावरची मुलं रंगाप्रमाणे वेगळ्या बसमध्ये चढायची. मंडळाने 'निवडीचं स्वातंत्र्य' दिलं: ज्याला जी हवी ती शाळा निवडा. तीन वर्षांत एकाही गोऱ्या मुलाने वॉटकिन्स ही कृष्णवर्णीयांची शाळा निवडली नाही, आणि ८५ टक्के कृष्णवर्णीय मुलं तिथेच राहिली. कोर्टाने विचारलं ते असं: योजना कागदावर निष्पक्ष आहे का हा प्रश्न नाही, ती प्रत्यक्षात चालेल का आणि आत्ता चालेल का? भेदभाव मुळापासून उपटण्याची जबाबदारी मंडळाची, मुलांची नाही. विद्यार्थी, शिक्षक, कर्मचारी, बस, इमारती, शाळेबाहेरचे उपक्रम या सगळ्यांत फरक पडलाय का ते कोर्ट बघणार. पुढच्याच वर्षी अलेक्झांडर निकालाने 'विचारपूर्वक त्वरा' हा प्रकार मोडीतच काढला. सुरुवातीचा तोच आकडा, गोऱ्या मुलांसोबत शिकणाऱ्या कृष्णवर्णीय मुलांचा, पुन्हा बघा: १९६८-६९ मध्ये ३२ टक्के, १९७२-७३ मध्ये ९१ टक्के.

यावर काही अभ्यासक म्हणतात की मग काम कायद्याने आणि पैशाने केलं, ब्राउनने काय केलं? हा आक्षेप हलका नाही, आणि उत्तर तुम्ही 'यश' कशाला म्हणता यावर अवलंबून आहे. मुलं वर्गात दिसण्याला यश म्हणाल तर पहिलं दशक जवळजवळ वाया गेलं. तेही खोल दक्षिणेत. वॉशिंग्टन, बाल्टिमोर, खुद्द कॅन्सस इथे बदल लवकर सुरू झाला होता. तत्त्वाला यश म्हणाल तर कोर्टाने ब्राउनचा हवाला देत किनारे, गोल्फ मैदानं आणि १९५६ मध्ये माँटगोमेरीच्या बस, सगळीकडचा वेगळेपणा मोडला, बऱ्याचदा कारणंसुद्धा न लिहिता. आणि १९६४ चा कायदा ज्या 'भेदभाव' या गोष्टीवर अनुदान थांबवतो, ती बेकायदा आहे हे आधी कुणीतरी ठरवावं लागतं. हक्काशिवाय दरखास्त कसली लावणार?

किंमतही सांगायला हवी. शाळा एकत्र झाल्या तेव्हा बंद झाल्या त्या बहुतेक कृष्णवर्णीयांच्या, आणि हजारो कृष्णवर्णीय शिक्षक-मुख्याध्यापकांच्या नोकऱ्या गेल्या. पुढे उत्तरेत गाडी अडली. १९७४ च्या मिलिकेन निकालाने पाच विरुद्ध चार मतांनी डेट्रॉइट शहराचा हुकूम शहराच्या हद्दीवरच थांबवला, आजूबाजूच्या गोऱ्या उपनगरांना तो लागू होणार नाही म्हटलं. गोरी कुटुंबं हद्दीपलीकडे राहायला गेली की प्रश्न संपला. तोवर सर्वोच्च न्यायालयात न्यायाधीश झालेल्या मार्शल यांनी तिथे विरोधी निकाल लिहिला. तो जरूर वाचा.

आता तुमच्या मूटकडे. हक्कासाठी तुम्हाला ब्राउनची फारशी गरज नाही. अमेरिकेच्या घटनेत शाळांतल्या वेगळेपणाबद्दल शब्द नव्हता म्हणून कोर्टाला तो अर्थ काढावा लागला. आपल्याकडे अनुच्छेद १४ (समानता) आणि २१-अ (शिक्षणाचा हक्क) आहेत, आणि केंद्राच्या २०१० च्या आरटीई नियमांत तर सरळ लिहिलंय की या जागांवरच्या मुलांना वर्गात इतरांपासून वेगळं काढायचं नाही आणि त्यांचे वर्ग वेगळ्या जागी किंवा वेगळ्या वेळी भरवायचे नाहीत. तुमची दुपारची पाळी इथेच पडते. राज्याच्या नियमांतली तरतूदही काढून जोडा. ब्राउन आपल्या कोर्टांना नवा नाही. १९९३ च्या उन्नीकृष्णन निकालात वॉरन यांचा शिक्षणाच्या महत्त्वाचा परिच्छेद उद्धृत आहे, त्यामुळे त्याला एक वाक्य द्या आणि पुढे चला. वेगळ्या तुकडीच्या नुकसानासाठी मॅक्लॉरिन, 'वातावरण बिघडेल' या बचावाला कूपर, आणि उपायासाठी ग्रीन. परदेशी निकाल बंधनकारक नसतात, ते पटवण्यापुरते असतात, हे न्यायाधीशांनी विचारायच्या आधी तुम्हीच सांगा.

सगळ्यात जास्त वेळ याचिकेच्या विनंती-कलमावर घालवा. 'भेदभाव बंद करावा' एवढंच मागू नका. मुलं कोणत्या तारखेपासून सकाळच्या कोणत्या वर्गांत, तुकड्या कशा मिसळणार, बस, मधली सुट्टी, स्नेहसंमेलन, सहल यात वेगळेपणा नाही हे कोण तपासणार, शाळेने अनुपालनाचं प्रतिज्ञापत्र कधी दाखल करायचं, आणि याचिका तोवर प्रलंबित ठेवायची, हे एकेक करून मागा. आपली न्यायालयं असा चालू राहणारा परमादेश (प्रकरण बंद न करता अंमलबजावणीवर लक्ष ठेवणारा आदेश) देतात. विनीत नारायण प्रकरण त्यासाठी आहे.

एक अडचण मात्र येईलच. समोरचा म्हणेल, ब्राउन सरकारी शाळांबद्दल आहे आणि आमची शाळा खासगी. त्याचं म्हणणं बरोबर आहे. चौदावी दुरुस्ती राज्याविरुद्ध चालते, आणि दक्षिणेतल्या खासगी अकादम्या याच आडोशाला वाढल्या. तिथे १९७६ चा रनियन विरुद्ध मॅक्क्रेरी निकाल ठेवा. वंशावरून प्रवेश नाकारणाऱ्या खासगी शाळांना कोर्टाने घटनेने नव्हे, १८६६ च्या नागरी हक्क कायद्याने पकडलं. तुमच्याकडेही कायदाच आहे. आरटीईची २५ टक्क्यांची तरतूद विनाअनुदानित शाळांना लागू असल्याचं सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये मान्य केलंय, आणि सार्वजनिक कर्तव्य बजावणाऱ्या खासगी संस्थेविरुद्ध अनुच्छेद २२६ खाली उच्च न्यायालयात जाता येतं हे १९८९ च्या आंदी मुक्ता निकालात आहे. फक्त आधी एक बघून घ्या: मूटच्या मजकुरात ती शाळा अल्पसंख्याक संस्था म्हटलीय का? तसं असेल तर २०१४ च्या प्रमती निकालाने ही तरतूद तिला लागूच होत नाही, आणि मग याचिकेची मांडणी वेगळी करावी लागेल.